पोनी शोचा निकाल कसा लागतो आणि कुठे चुकतो

ब्रिटनमध्ये उन्हाळा लागला की गावोगावच्या कृषी प्रदर्शनांत पोनींचे वर्ग सुरू होतात. दोरीने आखलेलं गवताचं रिंगण, मधोमध टोपी घातलेले परीक्षक, त्यांच्याभोवती फिरणाऱ्या पंधरावीस पोनी आणि त्यांवर ट्वीडचे कोट घातलेली शाळकरी मुलं. अर्ध्यापाऊण तासाने पहिल्या काही जणांना फिती मिळतात, बाकीचे हात हलवत बाहेर पडतात. मग दोरीपलीकडे उभ्या पालकांत कुजबुज सुरू होते : परीक्षक त्यांच्या ओळखीचेच होते म्हणे.

कधीकधी ते खरंही असतं. पण निकाल चुकायला परीक्षक लबाडच असावा लागतो असं नाही. अगदी सरळमार्गी माणसाने, मन लावून दिलेले गुणही चुकीचा विजेता निवडू शकतात. अशा चुका लबाडीपेक्षा जास्त होतात, असं माझं मत आहे. त्या कुठे होतात ते कळायला आधी रिंगणात काय चालतं ते पाहावं लागेल.

रिंगणात काय पाहतात

पोनी म्हणजे ढोबळमानाने १४८ सेंटिमीटरपर्यंत उंचीचा घोडा. उंची मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो तिथे मोजतात. पोनींच्या पैदाशीकडे ब्रिटनमध्ये फार पूर्वीपासून लक्ष दिलं गेलं. आज नॅशनल पोनी सोसायटी म्हणून ओळखली जाणारी संस्था १८९३ मध्ये पोलो पोनी सोसायटी या नावाने निघाली. मुलांच्या शो पोनींसाठीची ब्रिटिश शो पोनी सोसायटी १९४९ ची. त्याच वर्षी लंडनच्या हॅरिंगे अरीनात ‘हॉर्स ऑफ द इयर शो’ सुरू झाला. आता तो ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला भरतो, आणि तिथे पोहोचायचं म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं वर्षभर घोडे वाहून नेणारी गाडी हाकत देश पालथा घालतात.

नेहमीच्या स्वारीच्या वर्गात सगळ्या पोनी आधी एकत्र फिरतात : साधी चाल, दुडकी, कँटर आणि वर्गात असेल तर भरधाव. त्यावरून परीक्षक कच्ची रांग लावतात. मग एकेक स्वार पुढे येऊन मिनिटभराची स्वतंत्र फेरी करतो. त्यानंतर खोगीर उतरवून पोनी परीक्षकासमोर उभी करतात. पाय सरळ आहेत का, खांदा किती तिरका, मान कुठून निघते, हे तो पाहतो, आणि पोनीला हाताने धरून समोरून दुडकत नेऊन आणायला सांगतो. शेवटी पक्की रांग.

पहिली गडबड होते ती एकत्र फिरण्यात. परीक्षक एका जागी उभा, पोनी चारी बाजूंनी. त्याची पाठ असेल तेव्हा एखादी पोनी दुडकी मोडून कँटरला लागली, मुलाने लगाम ओढून तिला पुन्हा जागेवर आणली, तर ते त्याच्या हिशेबात येतच नाही. तयारीची मुलं हे जाणतात. ती गर्दीत अडकत नाहीत. कोपरा जरा खोल घेऊन आपल्यापुढे मोकळी जागा करतात आणि परीक्षकाची नजर वळली की नेमक्या त्या क्षणी एकटी दिसतात. नवख्या मुलाची तितकीच चांगली पोनी मोठ्या पोनीच्या आड राहते. याला पक्षपात म्हणता येणार नाही. पण निकालात फरक पडतोच.

परीक्षक खोगिरावर बसत नाही

मोठ्या घोड्यांच्या हंटर, हॅक, कॉब अशा वर्गांत परीक्षक स्वतः स्वार होऊन पाहतो. तोंड हलकं आहे की घोडा लगामावर लोंबकळतो, पाय दाबला की लगेच पुढे जातो की विचार करतो, हे त्याला बसल्या जागी कळतं. पोनींच्या वर्गात ते शक्य नाही. १२८ सेंटिमीटरच्या पोनीवर प्रौढ माणूस बसवणार कसा? त्यामुळे मुलांच्या पोनीचा सर्वांत मोठा गुण, तिचा स्वभाव, परीक्षकाला बाहेरून ताडावा लागतो. कान मागे गेले का, शेपटीचा झटका बसला का, मुलाची कोपरं ताठ आहेत का.

लगाम धरून चालवायच्या सर्वांत लहान मुलांच्या वर्गात तर हे आणखी अवघड. तिथे पोनीसोबत मोठं माणूस चालतं. पोनी शहाणी आहे की चालवणारा हुशार आहे, हे ओळखायला जाणता डोळाच लागतो.

शेटलँडशेजारी हायलँड

डोंगराळ आणि माळरानी देशी पोनींच्या वर्गात शेटलँड, एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट, कॉनेमारा, फेल, डेल्स, हायलँड, वेल्श अशा जाती येतात. गावच्या लहान प्रदर्शनात त्या एकाच रांगेत उभ्या राहतात. शेटलँडची कमाल उंची ४२ इंच. हायलँड १४८ सेंटिमीटरपर्यंत जाते. यांची तुलना कशी करायची?

नियम सांगतो की पोनींची एकमेकींशी तुलना करायचीच नाही. प्रत्येक पोनी आपल्या जातीच्या लिखित मानकाच्या किती जवळ आहे ते पाहायचं. एक्समूरच्या नाकातोंडाभोवती पिठूळ रंग हवा, डोळ्यांच्या पापण्या जाडसर हव्यात आणि अंगावर पांढरा ठिपका चालत नाही. फेल आणि डेल्सच्या पायांना खुरांपर्यंत उतरणारे लांब केस लागतात. वेल्शचे तर चार विभाग, आणि दर विभागाची अपेक्षा वेगळी. म्हणजे परीक्षकाला डझनभर मानकं पाठ हवीत. प्रत्यक्षात प्रत्येकाची एखादी जात घरची असते. आयुष्यभर वेल्श पोनी पाळलेल्या माणसाला उंच उचललेले गुडघे आणि झोकदार दुडकी पाहायची सवय असते. डार्टमूरची जमिनीलगतची लांब चाल त्याला सपक वाटली, तर तो मुद्दाम अन्याय करत नसतो. त्याच्या डोळ्याला वळणच तसं लागलेलं असतं.

पन्नास अधिक पन्नास

लहान शोमध्ये गुण दिलेच जात नाहीत, नुसती रांग लागते. मोठ्या शोमध्ये मात्र दोन परीक्षक असतात : एक चाल आणि कामगिरी पाहतो, दुसरा बांधा आणि जातिलक्षणं. दोघांच्या गुणांची बेरीज करून निकाल. दोघांना समान अधिकार, म्हणजे न्याय झाला असं वाटतं. पण तसं होतंच असं नाही.

समजा दोघांच्या हाती पन्नास-पन्नास गुण आहेत आणि तीन पोनी आहेत : अ, ब, क. चालीचा परीक्षक देतो अ ला ४७, ब ला ४५, क ला ४४. त्याच्या मते अ पहिली. बांध्याचा परीक्षक नेमकं उलटं म्हणतो : अ ला ३३, ब ला ३८, क ला ४२. बेरीज केली तर अ ८०, ब ८३, क ८६. क जिंकली, अ तळाला गेली.

आता गुण बाजूला ठेवून फक्त क्रमांक पाहा. अ ला एकाने पहिली, दुसऱ्याने तिसरी म्हटलं, क्रमांकांची बेरीज चार. ब दोघांकडे दुसरी, चार. क तिसरी आणि पहिली, पुन्हा चार. म्हणजे दोन परीक्षकांची मतं तंतोतंत विरुद्ध होती आणि तिढा बरोबरीतच सुटायला हवा होता. तरी निकाल लागला आणि तो पूर्णपणे दुसऱ्या परीक्षकाच्या मनासारखा लागला. का? त्याने गुण नऊच्या अंतरात पसरले, पहिल्याने तीनच्या. कागदावर दोघांचा वाटा निम्मा असला तरी प्रत्यक्षात वजन पडतं ते जो गुण जास्त फाकवतो त्याचं.

बुजरा परीक्षक सगळ्यांना ४४ ते ४७ मध्ये बसवतो. कुणाचं मन दुखवायचं नाही, दोरीपलीकडे बोलणी नकोत. त्याला वाटतं आपण सावध राहिलो. खरं तर त्याने आपलं मत रिंगणातच टाकून दिलेलं असतं. आणि ज्याला हे गणित कळलेलं आहे असा धूर्त परीक्षक एकही खोटा शब्द न लिहिता वर्ग हवा तिकडे वळवू शकतो. यावरचे उपाय अवघड नाहीत. वर्गाआधी दोघांनी किती अंतरात गुण द्यायचे ते ठरवावं, किंवा मोजणाऱ्याने दोघांचे गुण एकाच पट्टीवर आणून मग बेरीज करावी. आणि दोघांचे गुण वेगवेगळे जाहीर करावेत. नुसती ८० ची बेरीज वाचून हरणाऱ्याला काही कळत नाही. ४७ आणि ३३ असे सुटे आकडे पाहिले की आपण कुठे कमी पडलो आणि कुणाच्या नजरेत, हे दोन्ही कळतं.

अर्ध्या गुणाची किंमत

शोच्या रिंगणातून ड्रेसाजकडे वळलं की हिशेब जास्त काटेकोर होतो. ठरलेल्या हालचालींचा क्रम करून दाखवायचा आणि प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण, अर्ध्या गुणाच्या पायरीने. पाच म्हणजे जेमतेम, सहा समाधानकारक, आठ चांगलं, दहा उत्कृष्ट. शून्य म्हणजे केलंच नाही. पोनींच्या स्पर्धांतही हीच पट्टी. शेवटी टक्केवारी निघते, तीन दशांशांपर्यंत.

हे तीन दशांश किती खरे, ते मराठी वाचकाच्या परिचयाच्या एका निकालावरून पाहता येतं. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत भारताने सांघिक ड्रेसाजमध्ये सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ते ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. चौघांपैकी उत्तम तिघांची टक्केवारी धरली गेली आणि भारताची बेरीज आली २०९.२०५. त्यात हृदयचे ६९.९४१ होते. पाच परीक्षक, प्रत्येकाकडे कमाल ३४० गुण, एकूण १७००. त्यांपैकी ११८९ म्हणजे ६९.९४१ टक्के.

भारत चार टक्क्यांहून पुढे होता, तिथे वादच नाही. खाली पाहा. रौप्य चीनला २०४.८८२ वर, कांस्य हाँगकाँगला २०४.८५२ वर. फरक ०.०३०. आता १७०० पैकी अर्धा गुण म्हणजे किती टक्के? ०.०२९. म्हणजे तीन स्वार, पाच परीक्षक, शेकडो नोंदी, आणि रौप्य-कांस्याचा निवाडा कुणा एका परीक्षकाने एका हालचालीला दिलेल्या अर्ध्या गुणावर. साडेसहा की सात, एवढाच प्रश्न. तोच परीक्षक तीच फेरी दुसऱ्या दिवशी पाहून तोच आकडा लिहील याची खात्री कुणीही देणार नाही. गुण खोटे नव्हते. पण मोजपट्टीची रेघ जेवढी जाड, त्याहून बारीक फरक तिने मोजायला लावला गेला. पदकं तीन वेगवेगळी द्यायची असतात, म्हणून हे चालवून घ्यावं लागतं.

पाच खुर्च्या, पाच दृश्यं

परीक्षकांचे गुण जुळले नाहीत की लोक लगेच भुवया उंचावतात. पण ड्रेसाजच्या रिंगणात परीक्षक वेगवेगळ्या कडांना बसतात. समोरच्या छोट्या बाजूच्या मध्याला, सी या अक्षरापाशी बसलेल्याला घोडा सरळ रेषेत येतो का ते उत्तम दिसतं. लांब बाजूला ई किंवा बी पाशी बसलेल्याला पावलांची लांबी दिसते. घोडा येऊन थांबला आणि एक मागचा पाय मागेच राहिला, तर बाजूचा परीक्षक सहा देईल. समोरच्याला मागचे पाय पुढच्यांच्या आड असतात, तो आठ देईल. दोघंही बरोबर. माझ्या मते या दोन गुणांच्या फरकाची कुणी चौकशी करायची गरज नाही. पाचही जणांचे गुण दर वेळी हुबेहूब जुळू लागले, तर मात्र जरूर करावी.

मोजणीतली चूक हा वेगळा प्रकार. कँटर करताना घोडा हवेतच पुढचा पाय बदलतो, असे ठरावीक बदल ओळीने करायचे असतात. एखादा बदल कमी पडला आणि परीक्षकाच्या लक्षात आलं नाही, तर दिलेला गुण चूकच. अशा उघड चुकांसाठी मोठ्या अजिंक्यपद स्पर्धांत चित्रीकरण पाहणारं वरिष्ठ पर्यवेक्षक मंडळ बसतं. क्रिकेटमधल्या तिसऱ्या पंचासारखंच त्याचं काम. मताच्या प्रश्नात ते सहसा पडत नाही.

आपला देश, ओळखीचा चेहरा

आता खरोखरच्या पक्षपाताकडे. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे परदेशी घोडे तिथे नेता येईनात, म्हणून घोडेस्वारी स्टॉकहोमला झाली. ड्रेसाजमध्ये जर्मन परीक्षकाने तीन जर्मन स्वारांना पहिल्या तीन जागा दिल्या, स्वीडिश परीक्षकाने तीन स्वीडिश स्वारांना. इतकं उघडपणे केल्यावर लपवायचं काय राहिलं? आंतरराष्ट्रीय महासंघाने दोघांनाही निलंबित केलं, आणि पुढच्या रोमच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक ड्रेसाज झालंच नाही.

आज एवढं धिटाईने कुणी करत नाही, पण ओढ गेलेली नाही. २०१८ मध्ये ‘द इकॉनॉमिक जर्नल’मध्ये अ‍ॅना सँडबर्ग यांचा आंतरराष्ट्रीय ड्रेसाजच्या गुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परीक्षक आपल्या देशाच्या स्वाराला झुकतं माप देतात, हे त्यात दिसलं. ते अपेक्षितच होतं. त्याहून मजेशीर निष्कर्ष पुढचा : शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षकाच्या देशबांधवालाही ते थोडं जास्त देतात. भिडस्तपणा फक्त आपल्या लग्नकार्यांतच असतो असं नाही.

पोनींच्या जगात देशापेक्षा ओळख जास्त चालते. हे जग लहान आहे. आज परीक्षक म्हणून उभा असलेला माणूस पुढच्या आठवड्यात स्वतः पोनी घेऊन येतो, आणि आज ज्याला त्याने तिसरा क्रमांक दिला तो तेव्हा परीक्षक असतो. म्हणून नियम आहेत : स्वतः पैदास केलेल्या किंवा विकलेल्या पोनीचं परीक्षण करायचं नाही, निकालाआधी नावांची पुस्तिका चाळायची नाही. पण पुस्तिका मिटली म्हणून चेहरे मिटत नाहीत. पोनी तयार करणारे नावाजलेले व्यावसायिक रिंगणाच्या कडेला उभे दिसले की ही पोनी कुणाकडची ते सगळ्यांना कळतं. आणि चांगल्याकडून आलेली पोनी चांगलीच असणार, हा अंदाज बहुतेक वेळा खराही ठरतो. अडचण तिथेच आहे. गेल्या वर्षीच्या विजेत्या पोनीचा दर्जा या वर्षी घसरला तरी ते दिसायला वेळ लागतो.

क्रमाचाही परिणाम होतो. फिगर स्केटिंग आणि जिम्नॅस्टिक्समध्ये हे तपासलं गेलं आहे : आधी येणाऱ्याला हात राखून गुण मिळतात, कारण परीक्षक वरची जागा पुढच्यासाठी मोकळी ठेवतो. पोनींच्या स्वतंत्र फेऱ्यांत तर कच्च्या रांगेतली पहिली पोनीच आधी येते. तिच्या वाट्याला जशी आघाडी येते तसा हा तोटाही येतो.

सगळे मिळून चुकतात तेव्हा

दहा परीक्षकांचं एकमत झालं तर निकाल सातत्याचा म्हणायचा, पण बरोबर म्हणायचा का? देशी पोनींच्या अंगावरची चरबी हे याचं सर्वांत गंभीर उदाहरण. या जाती उजाड माळावर, तुटपुंज्या गवतावर जगायला घडल्या आहेत. त्यांना हिरव्या कुरणात सोडून वर खुराक दिला की त्या फुगतात. भरलेला पुठ्ठा आणि गोलाई रिंगणात उठून दिसते, मानेची सुबक कमान दिसते, ओबडधोबड हाडं झाकली जातात. वर्षानुवर्षं अशा पोनी वर लागत गेल्या, म्हणून लोक तशाच तयार करत गेले. ब्रिटनमधले पशुवैद्य यावर बोलत आले आहेत, कारण लठ्ठ पोनीला लॅमिनायटिस होण्याचा धोका वाढतो. खुराच्या आतल्या पडद्याला सूज येते, जनावर एकेक पाऊल तापल्या तव्यावर टाकल्यासारखं टाकतं, आणि आजार बळावला तर त्याला वेदनामुक्त मरण देण्याची वेळ येते.

इथे कुणाची ओळख नव्हती, कुणी गुण फाकवले नव्हते. सगळ्यांची मोजपट्टीच एकाच बाजूला सरकली होती. मानकात ‘भरदार’ असं लिहिलेलं असतं, ‘चरबीदार’ नाही. पण परीक्षकाने बरगड्यांवरून हात फिरवून पाहिलाच नाही तर डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

आपल्याकडचं रिंगण

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे आणि त्याच्या जोडीने घोड्यांच्या स्पर्धाही होतात. इथे मारवाडी आणि काठियावाडी घोडा पाहणारा जाणकार कान, चाल, उंची आणि रंग पाहतोच, पण त्याआधी त्याची बोटं अंगावरचे केसांचे भोवरे शोधतात. कंठाशी देवमण नावाचा भोवरा असला तर भाव चढतो, अशुभ जागी भोवरा निघाला तर घोडा कितीही देखणा असो, गिऱ्हाईक पुढे सरकतं. विकत घेणाऱ्याने पैसा कशावर लावायचा हा त्याचा प्रश्न. स्पर्धेच्या परीक्षकाने मात्र भोवऱ्याला गुण आहेत की नाहीत ते आधी लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर तो ते गुण देणारच, फक्त दुसऱ्या रकान्यात.

तक्रार कशाची चालते

ब्रिटिश शोमध्ये परीक्षकाच्या मताविरुद्ध दाद मागता येत नाही. तुमच्या पोनीचा खांदा त्याला सरळ वाटला, तर तो सरळ. पात्रतेबद्दल आणि नियमभंगाबद्दल मात्र लेखी हरकत घेता येते. सोबत अनामत रक्कम भरावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत अर्ज द्यावा लागतो. उंची हा त्यातला नेहमीचा विषय. १२८, १३८, १४८ सेंटिमीटर अशा वर्गांत मर्यादेला टेकलेली पोनी मुलाखाली सर्वांत रुबाबदार दिसते, त्यामुळे एकेका मिलिमीटरवर भांडणं होतात. म्हणून मापन स्वतंत्र मंडळाकडे दिलेलं आहे. वाढत्या वयाच्या पोनीला वर्षापुरतं प्रमाणपत्र मिळतं, सात वर्षांची झाली की कायमचं. मोजताना जमीन सपाट हवी, पोनी सरळ उभी हवी, मान ठरलेल्या उंचीवर हवी. घाबरलेली पोनी अंग ताठ करते आणि उंच भरते, शांत पोनी अंग सैल सोडते. त्यामुळे काही मालक मापनाआधी तिला काठीची सवय लावत बसतात. तेवढं करायला नियमांची आडकाठी नाही.